प्लाझ्मा आणि एलसीडी दूरचित्रवाणी संच

प्लाझ्मा आणि एलसीडी हे सपाट पडद्याच्या दूरचित्रवाणी संचांचे दोन प्रकार होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस या संचांनी कॅथोड किरण नलिकेच्या जाडजूड संचांची जागा घेण्यास सुरुवात केली. साधारणतः इ.स. २००० ते २०१४ या काळात घरासाठी मोठा संच घेणाऱ्या ग्राहकाला या दोहोंतून निवड करावी लागे. प्लाझ्मा पडद्याचा प्रत्येक चित्रबिंदू स्वतः प्रकाश निर्माण करतो, तर एलसीडी पडदा मागील दिव्याचा प्रकाश अडवतो किंवा पुढे सोडतो. दोन्ही प्रकारांच्या बहुतेक गुणदोषांचे मूळ या एका फरकात आहे. त्यामुळे कोणता संच चांगला, याचे उत्तर तो कोणत्या खोलीत ठेवला जातो आणि त्यावर काय पाहिले जाते यावर अवलंबून असे.

इतिहास

प्लाझ्मा पडद्याचा शोध इ.स. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लागला. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी प्लेटो या संगणकाधारित शिक्षणप्रणालीसाठी तो तयार केला होता. आरंभीचे पडदे एकरंगी, नारिंगी प्रकाशाचे असत. जपानच्या फुजित्सू कंपनीने इ.स. १९९२ मध्ये २१ इंची पूर्ण रंगीत प्लाझ्मा पडदा सादर केला. १९९७ च्या सुमारास ४२ इंची संच बाजारात आले, तेव्हा अमेरिकेत त्यांची किंमत सुमारे १५,००० डॉलर होती.

द्रव स्फटिकांचे वर्तन ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिश राइनिट्झर यांनी इ.स. १८८८ मध्येच नोंदवले होते. त्यांचा दर्शक पडद्यासाठी उपयोग १९६० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवला. मनगटी घड्याळे, गणकयंत्रे, मांडीवरचे संगणक अशा क्रमाने हे तंत्रज्ञान वाढत गेले. शार्प कंपनीने १९८८ मध्ये १४ इंची रंगीत एलसीडी पडदा तयार केला. मोठ्या संचांच्या बाजारपेठेत एलसीडीचा प्रवेश मात्र प्लाझ्मानंतर झाला.

कार्यपद्धती

प्लाझ्मा पडद्यात काचेच्या दोन तावांमध्ये लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात. त्यांत निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण कमी दाबाने भरलेले असते. विद्युतदाब दिल्यावर वायूचे आयनीभवन होऊन अतिनील किरण बाहेर पडतात. हे किरण कप्प्याच्या आतील फॉस्फरच्या थरावर पडले की लाल, हिरवा किंवा निळा प्रकाश मिळतो. असे तीन कप्पे मिळून एक चित्रबिंदू बनतो. घरातील ट्यूबलाइटही याच तत्त्वावर चालते. तिच्यात झेनॉनऐवजी पाऱ्याची वाफ असते.

एलसीडी पडद्यात द्रव स्फटिकांचा थर दोन ध्रुवक पटलांच्या मध्ये असतो. विद्युतदाबानुसार स्फटिकांच्या रेणूंची दिशा बदलते आणि त्यानुसार मागील दिव्याचा कमीअधिक प्रकाश रंगगाळणीतून बाहेर येतो. आरंभी मागील दिवा म्हणून बारीक प्रतिदीप्त नळ्या वापरत. पुढे त्यांच्या जागी प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी आले. बाजारात ‘एलईडी टीव्ही’ या नावाने विकले जाणारे बहुतेक संच प्रत्यक्षात एलईडी दिवे बसवलेले एलसीडी संचच असतात. त्यांना तिसरा प्रकार समजणे ही ग्राहकांमध्ये आढळणारी सर्वसाधारण गैरसमजूत आहे.

गुणदोषांची तुलना

काळा रंग व खोलीतील उजेड

एलसीडी पडद्यावर काळे दृश्य असतानाही मागील दिवा पेटलेलाच असतो व स्फटिक प्रकाश पूर्णपणे अडवू शकत नाहीत. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा भासतो. प्लाझ्मामध्ये त्या ठिकाणचे कप्पे जवळजवळ विझलेले असतात, म्हणून काळा रंग अधिक गडद दिसतो व रात्रीच्या दृश्यांतील बारकावे टिकतात. मात्र खिडक्यांतून भरपूर ऊन येणाऱ्या दिवाणखान्यात हा लाभ नाहीसा होतो. प्लाझ्माची काच चकचकीत असल्याने तिच्यात खिडकी व दिवे यांची प्रतिबिंबे पडतात, तर एलसीडीचा प्रखर प्रकाश आणि अनेक संचांवरील चकाकीरहित पृष्ठभाग अशा ठिकाणी उपयोगी पडतात.

हलती दृश्ये

द्रव स्फटिकांना दिशा बदलण्यास काही मिलिसेकंद लागतात. शिवाय एलसीडीवर प्रत्येक चौकट पुढची येईपर्यंत स्थिर राहते. दोन्ही कारणांमुळे वेगाने सरकणारी वस्तू, उदाहरणार्थ क्रिकेटचा चेंडू, पुसट दिसू शकते. यावर उपाय म्हणून सेकंदाला १०० किंवा १२० चौकटी दाखवणारे संच आले. त्यांतील मधल्या चौकटी गणिताने तयार केलेल्या असल्याने चित्रपटाला कृत्रिम गुळगुळीतपणा येतो, असा आक्षेप घेतला जातो. ही सोय बहुधा बंद करता येते. प्लाझ्माचे कप्पे अतिशय जलद पेटतात व विझतात, त्यामुळे हालचाल स्पष्ट दिसते.

पाहण्याचा कोन

प्लाझ्माचे चित्र बाजूने पाहिले तरी फारसे बदलत नाही. एलसीडीमध्ये हे पडद्याच्या घडणीवर अवलंबून असते. आयपीएस प्रकारच्या पडद्यावर बाजूनेही रंग टिकतात. व्हीए प्रकारात समोरून काळा रंग अधिक चांगला दिसतो, परंतु बाजूने पाहताना रंग फिके पडतात. एकाच खोलीत अनेक जण इतस्ततः बसून पाहत असतील, तर हा निकष महत्त्वाचा ठरतो.

प्रतिमेचा ठसा

फॉस्फर वापरानुसार झिजतो. एखादे स्थिर चित्र दीर्घकाळ त्याच जागी राहिल्यास तेथील कप्पे असमान झिजून त्या चित्राचा कायमचा ठसा पडतो. वाहिनीचे बोधचिन्ह, वृत्तवाहिन्यांवरील तळपट्टी, सामन्याचा धावफलक आणि व्हिडिओ गेममधील स्थिर आकृत्या ही त्याची प्रमुख कारणे होत. पुढील काळातील संचांत चित्र अधूनमधून किंचित सरकवण्याची सोय आल्याने हा धोका घटला, पण संपला नाही. एलसीडीमध्ये असा कायमचा ठसा क्वचितच पडतो. म्हणून संगणकाचा पडदा म्हणून किंवा दिवसभर एकच वृत्तवाहिनी पाहण्यासाठी एलसीडी अधिक योग्य मानला जाई.

वीजवापर

प्लाझ्माचा वीजवापर दृश्यानुसार बदलतो: अंधाऱ्या प्रसंगात तो कमी, तर उजळ दृश्यात बराच अधिक असतो. एलसीडीचा वापर मुख्यतः मागील दिव्याच्या तीव्रतेवर ठरतो. प्रतिदीप्त नळ्यांच्या काळात दोहोंतील अंतर मर्यादित होते. एलईडी आल्यावर ते स्पष्टपणे वाढले. दोन संचांच्या सरासरी वीजवापरात १०० वॅटचा फरक असेल आणि संच रोज सहा तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे २१९ युनिट वीज अधिक लागते.

आकार, अंतर व पृथक्करण

सूक्ष्म कप्पे बनवणे कठीण असल्याने प्लाझ्मा संच मुख्यतः ४२ इंच व त्याहून मोठ्या आकारांत मिळत. लहान खोलीसाठी आवश्यक असे २२ ते ३२ इंचांचे संच बहुतांशी एलसीडीच असत. पृथक्करणाचा लाभ बसण्याच्या अंतरावर अवलंबून असतो. सामान्य दृष्टीला एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कोनातील दोन बिंदू वेगळे दिसतात. या हिशेबाने ४२ इंची पडद्यावरील १९२० × १०८० चित्रबिंदू सुमारे १.७ मीटरपर्यंत, तर १३६६ × ७६८ चित्रबिंदू सुमारे २.३ मीटरपर्यंत वेगळे दिसू शकतात. प्रेक्षक तीन मीटरवर बसत असेल, तर त्या आकाराच्या संचात अधिक पृथक्करणासाठी दिलेले पैसे बहुतांशी वाया जातात.

दुकानातील व घरातील चित्र

दुकानात प्रखर दिव्यांखाली अनेक संच शेजारी शेजारी लावलेले असतात. तेथे नजर सर्वांत उजळ पडद्याकडे जाते. म्हणून उत्पादक संचाला प्रदर्शनासाठी वेगळी, भडक रंगांची मांडणी देत. या तुलनेत एलसीडी सरस भासे आणि प्लाझ्मा निस्तेज वाटे. घरी रात्री मंद प्रकाशात मात्र निकाल अनेकदा उलटा लागे. उजळतेच्या गुणोत्तराचे जाहिरातींतील आकडेही तुलनेस निरुपयोगी असत, कारण ते मोजण्याची सर्व उत्पादकांना समान अशी पद्धत नव्हती. ओळखीचा एखादा चित्रपट खोलीसारख्या प्रकाशात, चित्राची मांडणी ‘चित्रपट’ किंवा तत्सम प्रकारावर ठेवून पाहणे, ही अधिक विश्वसनीय कसोटी होय.

भारतातील संदर्भ

भारतात इ.स. २०१० पूर्वी वाहिन्यांचे प्रसारण ५७६ रेषांच्या प्रमाणित दर्जाचे होते. असे चित्र मोठ्या व अधिक पृथक्करणाच्या पडद्यावर ताणले जाई व त्यातील दोष ठळक दिसत. ऑक्टोबर २०१० मधील दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे दूरदर्शनने उच्चदर्जा प्रसारण केले. केबल जाळ्याच्या सक्तीच्या अंकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात मुंबईचा समावेश होता.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर बाहेरील हवेचा दाब कमी झाल्याने काही प्लाझ्मा संच गुणगुणल्यासारखा आवाज करतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच असल्याने येथे हा प्रश्न उद्भवत नाही; लेहसारख्या ठिकाणी तो लक्षात घ्यावा लागे.

प्लाझ्माचा अस्त

जाणकार समीक्षकांची पसंती लाभूनही प्लाझ्मा टिकला नाही. एलसीडीचे कारखाने भ्रमणध्वनीपासून संगणकापर्यंत सर्व आकारांचे पडदे बनवत असल्याने त्यांचा उत्पादनखर्च झपाट्याने उतरला. वीजवापरावरील निर्बंधही कडक होत गेले. कॅलिफोर्निया राज्याने दूरचित्रवाणी संचांसाठी २००९ मध्ये केलेले नियम २०११ पासून लागू झाले. कुरो या नावाजलेल्या प्लाझ्मा संचांच्या उत्पादक पायोनियर कंपनीने २००९ मध्ये या व्यवसायातून माघार जाहीर केली. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये, तर सॅमसंग व एलजी यांनी २०१४ मध्ये प्लाझ्मा उत्पादन संपवण्याचा निर्णय घेतला.

त्यानंतर आलेल्या ओएलईडी पडद्यातही प्रत्येक चित्रबिंदू स्वयंप्रकाशी असतो. त्यामुळे गडद काळा रंग व जलद हालचाल हे प्लाझ्माचे गुण, तसेच प्रतिमेचा ठसा व मर्यादित प्रखरता हे दोषही त्यात आढळतात. खोलीतील उजेड, बसण्याचे अंतर आणि नित्य पाहण्याचे कार्यक्रम हे निकष ओएलईडी व एलसीडी यांच्यातील निवडीलाही लागू पडतात.

विल्हेवाट

जुन्या एलसीडी संचांच्या प्रतिदीप्त नळ्यांत अल्प प्रमाणात पारा असतो, तर अनेक प्लाझ्मा पडद्यांच्या काचेत शिसे असते. म्हणून बंद पडलेला संच फोडू नये किंवा भंगारात देऊ नये. तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावा. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले नियम मे २०१२ पासून अमलात आले.

हे सुद्धा पहा

• कॅथोड किरण नलिका
• द्रव स्फटिक
• प्रकाश उत्सर्जक डायोड
• दूरदर्शन
• ई-कचरा