गॅमा किरण स्फोटांची उत्सर्जन यंत्रणा

गॅमा किरण स्फोटांची उत्सर्जन यंत्रणा हा उच्च-ऊर्जा खगोलभौतिकीतील एक अनिर्णित प्रश्न आहे. दूरच्या दीर्घिकांमधून येणारे हे स्फोट सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत टिकतात. प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळल्याने किंवा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून प्रकाशाच्या वेगाजवळ पोचणारे झोत निघतात, हे सर्वमान्य आहे. मात्र झोतातील ऊर्जेचे गॅमा किरणांत रूपांतर कसे होते, याविषयी मतभेद आहेत.

उत्तरदीप्ती

स्फोटानंतर रेंगाळणारी उत्तरदीप्ती मुख्यतः सिंक्रोट्रॉन प्रारणाची असते. २९ मार्च २००३ रोजीच्या स्फोटाची रेडिओ उत्तरदीप्ती पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने दीर्घकाळ नोंदवली. अनिर्णित प्रश्न मूळ स्फोटाचा आहे.

प्रस्तावित यंत्रणा

* सिंक्रोट्रॉन प्रारण: चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन गॅमा किरण उत्सर्जित करतात.
* औष्णिक प्रारण: झोत विरळ होऊन पारदर्शक बनताच आत अडकलेले फोटॉन बाहेर पडतात.

एकाच स्फोटाचा वर्णपट अनेकदा दोन्ही प्रतिमानांशी जुळतो. त्यामुळे किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या विद्युतक्षेत्राची कंपने किती प्रमाणात एकाच दिशेने होतात, हे मोजणे महत्त्वाचे ठरते. सुव्यवस्थित चुंबकीय क्षेत्रातील सिंक्रोट्रॉन प्रारणाचे ध्रुवण जास्त, तर औष्णिक प्रारणाचे सर्वसाधारणपणे कमी असते. तथापि झोत कडेने दिसल्यास औष्णिक प्रारणही ध्रुवित भासू शकते. म्हणून एका स्फोटावरून निष्कर्ष काढता येत नाही.

ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे

२८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय उपकरणाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रमुख वाटा आहे. त्याचे संचालन केंद्र पुण्यातील आयुका येथे आहे. फोटॉन एका चित्रघटकात विखुरला जाऊन शेजारच्या चित्रघटकात शोषला गेल्यास, अशा अनेक जोडनोंदींच्या दिशांवरून ध्रुवण काढले जाते.

२१ ऑगस्ट २०१६ रोजीच्या स्फोटाचे विश्लेषण विदुषी शर्मा, दीपंकर भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ध्रुवण जास्त आढळले आणि त्याची दिशा स्फोट चालू असतानाच दोनदा बदलली. सुव्यवस्थित चुंबकीय क्षेत्रातील सिंक्रोट्रॉन प्रारणाचा हा पुरावा मानला गेला.

मतभिन्नता

चीनच्या तियानगाँग-२ अंतराळ प्रयोगशाळेवरील पोलर उपकरणाने पाच स्फोटांचे सरासरी ध्रुवण सुमारे १० टक्के नोंदवले. ॲस्ट्रोसॅटच्या पाच वर्षांतील २० तेजस्वी स्फोटांच्या सूचीतही (२०२२) बहुतेकांचे ध्रुवण कमी किंवा नगण्य आढळले. दिशा वारंवार बदलत असल्यास संपूर्ण कालावधीच्या सरासरीत ध्रुवण पुसले जाते. त्यामुळे कमी सरासरी ध्रुवण हा सिंक्रोट्रॉन यंत्रणेविरुद्धचा निर्णायक पुरावा ठरत नाही. त्यासाठी अल्प कालखंडांत विभागलेली मापने आवश्यक असतात.