मॅग्डाला आणि हायफ्लायर : दोन युद्धनौकांची रचना व शस्त्रसज्जता

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील युद्धनौकांचा विषय आपल्याकडील इतिहासाभ्यासक बहुधा तंत्रज्ञांकडे सोपवून मोकळे होतात. वस्तुतः नौकेचा आराखडा हा एक राजकीय दस्तऐवज होय. तिच्या एकूण वजनापैकी किती भाग चिलखतास, किती तोफांस व किती कोळशास द्यावयाचा हे ठरले, की ती कोठवर जाणार आणि कोणाच्या कामी येणार हेही ठरून जाते. मुंबई बंदराशी संबंध आलेल्या दोन नौकांच्या आधारे हे दाखविता येते.

१८६३ साली भारतीय नौदल मोडीत निघाले आणि हिंदी समुद्रातील युद्धविषयक जबाबदारी लंडनच्या ॲडमिरल्टीकडे गेली. बंदराच्या रक्षणाची सोय मात्र निराळी करणे भागच होते. त्यासाठी 'मॅग्डाला' व 'ॲबिसिनिया' या दोन चिलखती नौका इंग्लंडात बांधण्यात आल्या व १८७० साली पाण्यात उतरल्या. नेपियरची १८६७-६८ ची हबसाणातील स्वारी मुंबईहूनच निघाली होती. ही नावे त्या स्वारीची स्मारके आहेत.

मॅग्डालाचा आराखडा एडवर्ड रीड याचा. विस्थापन सुमारे ३,३०० टन. तिचा सांगाडा पाण्यापासून जेमतेम काही फूट वर येई. मध्यभागी चिलखती तटबंदी आणि तिच्या दोन टोकांस एकेक फिरता बुरूज, अशी मांडणी होती. तिकोण्यासारखा डोंगरी किल्ला पाहिलेल्या वाचकास ही कल्पना परकी वाटणार नाही : सखल माची, तिच्यावर आटोपशीर बालेकिल्ला, आणि सारा भर बालेकिल्ल्यावर. प्रत्येक बुरुजात १० इंची दोन तोफा असत. प्रत्येक तोफेचे वजन १८ टन व गोळ्याचे ४०० पौंडांहून अधिक. त्या तोंडाकडून भरावयाच्या होत्या. १८९२ मध्ये त्यांच्या जागी मागील बाजूने भरावयाच्या ८ इंची तोफा आल्या. बुरुजाच्या दर्शनी बाजूचे चिलखत १० इंच जाड होते. वेग मात्र ताशी साडेदहा नॉटच्या आसपास. इंग्लंडहून येण्यापुरत्या तिच्यावर तीन डोलकाठ्या उभारल्या होत्या. मुंबईस पोचल्यावर ती जन्मभर तेथेच राहिली. किल्ला तरंगता असला तरी तो किल्लाच.

याच्या उलट टोकाला 'हायफ्लायर' ही क्रूझर. १८९८ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९०० साली पूर्वेकडील हिंदी आरमाराच्या सेनापतीची ध्वजनौका म्हणून आली. विस्थापन ५,६५० टन, वेग २० नॉट. तिच्या कुशींस चिलखत नव्हते. पाण्याच्या पातळीलगत दीड ते तीन इंच जाडीचे पोलादी छत घालून त्याखाली यंत्रे व दारूगोळा ठेवला होता आणि यंत्रांच्या बाजूंस असलेल्या कोठारांतील कोळसा हेही एक संरक्षणच होते. आधीच्या 'एक्लिप्स' वर्गात ६ इंची व ४.७ इंची तोफांची सरमिसळ होती. येथे ती टाळून ६ इंची ११ शीघ्रमारा तोफा बसविल्या : एक नाळेकडे, दोन पिछाडीस शेजारी शेजारी, उरलेल्या आठ दोन्ही बाजूंस. एकाच मापाच्या तोफांमुळे दारूगोळ्याचा पुरवठा सुकर होतो, हा लाभ लहान नव्हे. याखेरीज लहान तोफा व दोन पाणतीरनळ्याही होत्या. बेलव्हिल पद्धतीच्या बाष्पकांवरून त्या काळी इंग्लंडात जो वाद माजला, तो येथे विस्तारभयास्तव सोडून देतो. मुख्य गोष्ट अशी, की हजार टनांहून अधिक कोळसा तिच्यात मावे. मॅग्डालाने जे वजन लोखंडात घातले, ते हायफ्लायरने अंतरात घातले.

आता पैशाचा प्रश्न. मॅग्डाला हिंदुस्थानच्या संरक्षणासाठी होती व बंदराबाहेर निरुपयोगी होती. क्रूझर समुद्रभर फिरे, पण तिच्यावर हुकूम ॲडमिरल्टीचा. असे असूनही हिंदी तिजोरीतून ॲडमिरल्टीस वार्षिक वर्गणी जाई. ती पुढे एक लक्ष पौंडांवर पोचली व १९३८ पर्यंत चालू राहिली. हुकमत नसलेल्या आरमाराचा हा खर्च होता. या व्यवस्थेस केवळ काटकसर म्हणणे मला पटत नाही. हिंदुस्थानापाशी स्वतःची दूरगामी नौका असू नये, हे धोरण दोन्ही आराखड्यांत मिळून वाचता येते.

दोन्ही तरंगते किल्ले १९०३-०४ मध्ये विकले गेले. २२ सप्टेंबर १९१४ रोजी 'एम्डेन' या जर्मन क्रूझरने मद्रासवर मारा करून तेलाच्या टाक्या पेटविल्या, तेव्हा शत्रू बंदर जिंकावयास आलाच नव्हता. तो क्षणभर थांबून निघून गेला. अशा शत्रूस गाठावयास वेग व कोळसाच हवा. त्याआधी २६ ऑगस्टला हायफ्लायरने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रिओ दे ओरो येथे 'कैसर विल्हेल्म देर ग्रोस' हे सशस्त्र जहाज गाठले होते, तेही कोळसा भरीत असताना. ते जहाज तेथेच बुडाले. हायफ्लायर मोडीत विकली गेली ती १० जून १९२१ रोजी, मुंबईस.