सुनावणी दीडशे किलोमीटरवर

ऑक्टोबर 2022. एटापल्लीत अजून उजाडायचंय आणि तुम्ही एका पिकअपच्या मागच्या हौद्यात मांडी आखडून बसला आहात. तुमच्यासारखीच आणखी दहाबारा माणसं आहेत. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर कापडी पिशवी आहे. तिच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ठराव, शाईचं पॅड आणि ग्रामसभेचा रबरी शिक्का. खड्ड्यात गाडी आदळली की तो स्वतःला सोडून पिशवी सावरतो.

“कोन्या गावचा होस गा?”

तुम्ही पुणे, नागपूर, जे असेल ते सांगता.

“ते शहर झालं. गाव सांग.”

उत्तर जुळवेपर्यंत आलापल्ली येते. तिथून आष्टी, मग चामोर्शी. रस्त्याकडेच्या सागाची पानं या दिवसांत हिरवी असायला हवीत, ती विटकरी दिसतात. ही खनिजाची धूळ आहे, सूरजागडच्या डोंगरावरून रोज खाली उतरणाऱ्या ट्रकांनी पसरलेली. शेतात धान पिकायला आलंय, आणि उताराकडच्या काही बांध्यांत लाल गाळ साचलाय. म्हातारा बोट दाखवतो, बोलत काहीच नाही.

तुम्ही निघाला आहात जनसुनावणीला. 348.09 हेक्टरच्या खाणीची क्षमता वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर न्यायची आहे, त्याबद्दल लोकांना काय वाटतं ते ऐकून घेण्यासाठी. केंद्राच्या 2006च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत लिहिलंय की अशी सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ व्हावी. ही गडचिरोलीत आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात. डोंगर तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. सभागृहात खुर्च्या, माइक, पाण्याच्या बाटल्या. खाणीच्या पर्यावरण अहवालाची भाषा इंग्रजी आणि सरकारी मराठी, आणि हौद्यातली माणसं वाटभर आपसात बोलत होती ती माडिया.

इतक्या लांब का? तर सुरक्षा. हे कारण हसण्यावारी नेऊ नका. त्यासाठी सहा वर्षं मागं चला.

25 डिसेंबर 2016. तुम्ही सूरजागडच्या पायथ्याशी उभे आहात आणि डिझेलचा धूर घशाला झोंबतोय. एकामागोमाग एक लावलेले ट्रक पेटताहेत. माओवाद्यांनी चालकांना खाली उतरवलं आणि पाऊणशेहून अधिक वाहनं जाळली. तीन वर्षांपूर्वी, 2013 मध्ये, खाण कंपनीच्या अधिकाऱ्यासह तिघांना त्यांनी ठार केलं होतं. चालक रस्त्यावर बसून आहेत. जळणाऱ्या गाड्यांपैकी कितीएक कर्जावर घेतलेल्या असतील. आसपासच्या पाड्यांवर एकही दिवा नाही. उद्या पोलीस येतील आणि विचारतील, रात्री कोण आलं होतं? परवा दुसरे येतील आणि विचारतील, पोलिसांना काय सांगितलं? या जंगलात माणसाला प्रश्न विचारणारे कधीच कमी नव्हते. गावाला नेमका कोणता प्रश्न विचारला गेला नाही, ते शोधायला आणखी मागं जावं लागेल.

2007. मुंबई. एसीची थंडी, चहाचे कप आणि एक फाइल. डोंगराचा भाडेपट्टा मंजूर होतोय. तारखा जवळून पाहा, त्या फार बोलक्या आहेत. वनहक्क कायदा संसदेत डिसेंबर 2006 मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम जानेवारी 2008 मध्ये आले. पट्टा नेमका मधल्या वर्षातला. हा योगायोग असेलही, मी हेतू सिद्ध करू शकत नाही. पण जंगलावर गावाचा हक्क आहे असं देशानं म्हटलं होतं आणि तो हक्क मागायचा अर्जाचा नमुना अजून छापला नव्हता, तेवढ्या फटीतून एक अख्खा डोंगर निघून गेला. ग्रामसभांना अधिकार देणारा 1996चा पेसा कायदा तेव्हा होता. महाराष्ट्राला त्याचे नियम करायला 2014 उजाडलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. “आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा तिथलीच. त्याच जिल्ह्याच्या या टोकाला मात्र सरकार फायलीतून उतरलं.

1982 ला थांबायचं का? थोडंच. 26 ऑगस्टला चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. कचेरी जवळ आली म्हणून लोक खूश. जवळ, म्हणजे आता दीडशे किलोमीटर.

यापुढची उडी लांबची आहे. 21 ऑक्टोबर 1858, चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा तुरुंग. गर्दीत तुम्हाला कुणी ओळखत नाही. पंचविशीतल्या तरुणाला फाशीसाठी आणलंय. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके, जंगलातल्या पोरांना जमवून इंग्रजांशी लढलेले. त्यांना पकडून द्यायला मदत केली अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. बक्षीस म्हणून अहेरीकडे गावं गेली. गावातल्या माणसांना न विचारता गावं देणं-घेणं या भागात त्या दिवशीही नवं नव्हतं.

परत येताना 2024च्या नोव्हेंबरात एक नजर टाका. अहेरी विधानसभेच्या मैदानात त्याच अहेरीच्या घराण्यातले धर्मरावबाबा आत्राम, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतणे अंबरीशराव. वाडा एकच, उमेदवार तीन. जिंकले धर्मरावबाबा. आलापल्लीच्या टपरीवर चहा पिताना कुणीतरी डोळा मारून म्हणतो, “आमच्याकडे राजाविरुद्ध राजाच असते.” त्या टपरीच्या शेजारी नव्या खोल्या बांधून तयार आहेत, भाड्यानं द्यायला. पलीकडच्या ढाब्यावर हिंदी, तेलुगू, ओडिया कानावर येते. चालक, वेल्डर, सुरक्षारक्षक, त्यांच्या मुलांना शाळा हवी, आजारी पडलं तर दवाखाना हवा, आणि दोन-चार वर्षांनी मतदार यादीत नावही हवं. त्यांचा राग धरण्यात अर्थ नाही, तेही कुठल्यातरी गावातून पोटासाठीच निघालेत. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली निर्वासितांची गावं वसली, तेव्हाही असंच बोललं गेलं असणार. अडचण दुसरीच आहे. जिल्ह्याची लोकसंख्या कागदावर अजून 10,72,942, म्हणजे 2011ची. दवाखान्यात लागणारी रांग आजची, आणि आकडा खाणीचा पहिला ट्रक निघण्याच्याही आधीचा.

1 जानेवारी 2025. गर्देवाड्याला एसटी आलीय, आयुष्यात पहिल्यांदा. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस येऊन गेलेत, खाण कंपनीच्या कोनसरीतल्या कारखान्यात कामगारांना समभागही वाटले गेलेत. तुम्ही खिडकीशी बसता. पुढच्या बाकावरची आजी दोन्ही हातांनी समोरचा दांडा पकडून बसलीय आणि हसतेय, कारण अहेरीला जायला पूर्वी काय हाल व्हायचे ते तिलाच माहीत. याच तालुक्यात तोडगट्ट्याला 2023 मध्ये आठ महिने लोक नव्या खाणींविरुद्ध धरणं धरून बसले होते. त्यांना रस्ता नको होता असं शहरात सांगितलं जातं. त्या आजीला विचारा. रस्ता हवाच होता. फक्त बाळंतीण आणि आजारी माणूस जाईल एवढा हवा होता, त्याची रुंदी ट्रक मोजून ठरली.

आता शेवटचं, त्याच जानेवारीतलं. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा आहे. सत्तरएक गावांची माणसं ढोल घेऊन वर चढलीत. रात्री रेला नाच धरला जातो, मोहाचा वास थंडीत दरवळतो. पण त्याआधी दुपारी ताडपत्रीवर सभा बसलीय. माडियात बोलणं चाललंय, तुम्हाला चार शब्द कळतात: जंगल, पट्टा, सरकार, आणि ‘कागद’. बायका मध्येच उठून बोलतात, कुणी त्यांना वेळ मोजून देत नाही. एकाला खाणीत नोकरी लागलीय, तो उठतो आणि म्हणतो, पगारावर बहिणीचं शिक्षण चाललंय, खाण बंद पडली तर काय? सभा त्याला ओरडत नाही. बराच वेळ कुणीच बोलत नाही, मग कुणीतरी त्याला तंबाखूची डबी पुढं करतं.

ठराव लिहून होतो. पिकअपमधला म्हातारा इथंही आहे, तीच पिशवी. तुम्हाला पाहून तो ओळखीचं हसतो.

“आठवलं का गाव?”

तुम्ही आजोबांच्या गावाचं नाव सांगता. तो मान डोलावतो, सरकून ताडपत्रीवर जागा करतो आणि शिक्का काढतो. थंडीनं शाई वाळलीय. पहिला ठसा अर्धाच उमटतो. तो पॅडवर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब सोडतो, अंगठ्यानं पसरवतो आणि शिक्का पुन्हा कागदावर दाबतो.