पक्ष्यांचे लिंगनिदान : रूप सारखे, उत्तर डीएनएमध्ये

जबलपूर : मोर-लांडोर किंवा कोंबडा-कोंबडी यांच्यातील भेद सहज ओळखता येतो. गिधाड, सारस, कावळा अशा अनेक पक्ष्यांत मात्र नर व मादी जवळपास सारखेच दिसतात. पिल्लांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. अशा पक्ष्यांचे लिंग निश्चित करण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घेतला जातो.

अशा जनुकीय तपासणीचे महत्त्व पशुवैद्यक व वन्यजीव संशोधनात वाढत आहे. येथील नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठात वन्यजीव न्यायवैद्यक व आरोग्य या विषयाला वाहिलेली स्वतंत्र संस्था आहे. विद्यापीठाची स्थापना २००९ मध्ये झाली असून, ज्यांचे नाव त्याला देण्यात आले ते नानाजी देशमुख मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे होते.

मानवात नराची गुणसूत्रे भिन्न (एक्स-वाय) असतात. पक्ष्यांत याउलट स्थिती आहे. नरात दोन ‘झेड’, तर मादीत एक ‘झेड’ व एक ‘डब्ल्यू’ गुणसूत्र असते. ‘सीएचडी’ हे जनुक दोन्ही गुणसूत्रांवर आढळते, पण त्यातील काही भागांची लांबी वेगळी असते. रिचर्ड ग्रिफिथ्स व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच फरकावर आधारित, बहुतांश पक्ष्यांना लागू पडणारी चाचणी मांडली.

चाचणीसाठी रक्ताचा थेंब किंवा नुकत्याच उपटलेल्या पिसाचे मूळ पुरेसे असते. सस्तन प्राण्यांप्रमाणे पक्ष्यांच्या तांबड्या पेशी केंद्रकविरहित नसल्याने थोड्या रक्तातूनही भरपूर डीएनए मिळतो. पीसीआर तंत्राने जनुकाचा ठरावीक भाग वाढवून तो जेलवर तपासला जातो. साधारणपणे एक पट्टी दिसल्यास नर, दोन दिसल्यास मादी, असा निष्कर्ष काढतात. पूर्वी याकरिता पक्ष्याला भूल देऊन दुर्बिणीने जननग्रंथी पाहाव्या लागत.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ‘डब्ल्यू’वरील भाग वाढला नाही, तर मादी नर भासू शकते. म्हणून लिंग आधीच ज्ञात असलेल्या पक्ष्यांचे नमुने सोबत तपासणे आवश्यक असते. काही शिकारी पक्ष्यांत लांबीतील फरक अत्यल्प असतो, तर शहामृग व एमू यांच्यात दोन्ही गुणसूत्रे बरीचशी सारखी असल्याने वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात.

गिधाडांच्या संवर्धनात या अचूकतेला विशेष महत्त्व आहे. डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. हरियाणातील पिंजोर आणि मध्य प्रदेशातील भोपाळजवळच्या केरवा येथे गिधाडांची प्रजनन केंद्रे आहेत. गिधाड सुमारे पाच वर्षांचे झाल्यावर प्रजननक्षम होते आणि मादी वर्षाला सहसा एकच अंडे घालते. नर-मादी ओळखण्यात चूक झाल्यास एक संपूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो. दुर्मीळ पक्ष्यांच्या बाबतीत हा विलंब परवडणारा नसतो.