शालेय विज्ञान, धर्म आणि राज्यसंस्था : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शासकीय शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे, हे तत्त्व भारतात राज्यघटनेपूर्वीच मान्य झाले होते. शासकीय संस्थांतील शिक्षण केवळ ऐहिक स्वरूपाचे असावे, असे १८५४ च्या वुडच्या खलित्यात नमूद आहे. मात्र प्रजेच्या धर्मभावना दुखावू नयेत, हा त्यामागील हेतू होता. विज्ञानाला संरक्षण देणे हा नव्हता. हा भेद पुढेही कायम राहिला.

घटनात्मक चौकट :
राज्यघटनेच्या कलम २८ नुसार, पूर्णतः राज्याच्या निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना त्याची सक्ती करता येत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा उल्लेख १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क मध्ये आला. परंतु ते नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, विद्यार्थ्याचा हक्क नव्हे. अमेरिकेत उत्क्रांती शिकविण्यास बंदी घालणारा आर्कान्सा राज्याचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या तरतुदीच्या आधारे रद्द ठरविला. कलम २८ ची भाषा मात्र धार्मिक शिक्षणापुरती मर्यादित आहे. विज्ञानातून काय वगळले जाते, याविषयी ते मौन बाळगते.

उपनगरांतील प्रत्यय :
२०१६ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाने पालिका शाळांत सूर्यनमस्कार व योग सक्तीचे करण्याचा ठराव संमत केला, तेव्हा धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तीव्र वाद झाला. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री व मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी तेव्हाच्या औरंगाबाद येथे डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलावा, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचे खंडन केले. त्याच वर्षी आलेल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे पहिलेच प्रकरण होते.

पुढे एनसीईआरटीने २०२२-२३ च्या फेररचनेत दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. त्याचे कारण धार्मिक नव्हे, तर अभ्यासाचा भार कमी करणे हे देण्यात आले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय राहिला. परंतु दहावीनंतर विज्ञान न घेणाऱ्यास तो भेटणार नव्हता. २०२० नंतर महापालिकेने जोगेश्वरी-अंधेरी परिसरातील पूनमनगरसारख्या ठिकाणी केंद्रीय मंडळाच्या शाळाही सुरू केल्या. परिणामी, एकाच महापालिकेच्या विद्यार्थ्याला कोणते विज्ञान मिळावे, हे परीक्षामंडळावर अवलंबून राहण्याची स्थिती निर्माण झाली.

निष्कर्ष :
प्रार्थना वा सूर्यनमस्काराची सक्ती डोळ्यांना दिसते, म्हणून तिला आव्हान देता येते. पाठ्यपुस्तकातील वगळणूक दिसत नाही आणि तिचे कारणही प्रशासकीय असू शकते. म्हणूनच धर्मनिरपेक्ष शिक्षणाची कसोटी केवळ वर्गात कोणता धर्म शिरला, यावर लावून भागणार नाही. कोणते ज्ञान कोणाच्या निर्णयाने बाहेर गेले, हेही तपासावे लागेल. न्यायालयाइतकीच ही जबाबदारी अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या अध्यापकवर्गाची ठरते.