मेधा, मंडूकपर्णी आणि चंचल मूल



जोयडा तालुक्यात पावसाळ्यानंतर ओलसर बांधांवर गोल पानांची एक नाजूक वेल जमिनीलगत पसरलेली दिसते. कानडीत तिला ओंदेलग म्हणतात, मराठीत कारिवणा, आणि संस्कृत ग्रंथांत मंडूकपर्णी. हिची पाने, ओले खोबरे व जिरे-मिरी एकत्र वाटून ताकात कालवली की तंबुळी होते. उत्तर कन्नडच्या घरांतून ही तंबुळी मुलांना आवर्जून वाढतात. तिने बुद्धी तल्लख होते, ही श्रद्धा जुनी आहे. अलीकडे मात्र हीच पाला-वनस्पती, किंवा हिच्या नावाखाली दुसरीच एखादी, 'एकाग्रतेचे औषध' म्हणून बाटलीत भरून विकली जाते, आणि वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलाचे पालक ती विश्वासाने घेतात. आपल्या परंपरेने या वनस्पतीकडून नेमके काय मागितले होते, एवढाच प्रश्न आज मला तपासावयाचा आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यांत शंखपुष्पी विशेष मेध्य मानली आहे. प्रकरणाचे नाव ध्यानात घ्यावे. हे रसायन आहे. आयुष्य, बल, अग्नी, वर्ण, स्वर यांच्या पंक्तीला मेधा बसविली आहे. मेधा म्हणजे ग्रहण करण्याची व धारण करण्याची शक्ती. रोग्याला बरे करण्यापेक्षा निरोग्याला समर्थ करण्याकडे या अध्यायाचा ओढा आहे.

मग चंचल मनुष्य चरकाला ठाऊक नव्हता काय? चांगलाच ठाऊक होता. विमानस्थानात वातप्रकृतीचे वर्णन वाचावे. अशा माणसाची चाल व हालचाल जलद असते. तो ऐकलेले चटकन ग्रहण करतो आणि स्मृती मात्र तोकडी असते. आजच्या शिक्षकाला हे वर्णन वाचून वर्गातील एखादा चेहरा आठवल्यावाचून राहणार नाही. परंतु चरकाने ते रोगांच्या यादीत घातलेले नाही. ती त्याच्या लेखी प्रकृती आहे, घडण आहे.

बालकांसाठी स्वतंत्र विचार काश्यपसंहितेत आढळतो. नेपाळमध्ये मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून हा ग्रंथ 1938 साली मुंबईत छापला गेला. त्यातील लेहाध्यायात पाण्याबरोबर सोने उगाळून मध-तुपातून चाटविण्याचा विधी आहे, आणि सहा महिने चाटविल्यास मूल श्रुतधर, म्हणजे ऐकलेले ध्यानात ठेवणारे, होते असे फळ सांगितले आहे. त्याच अध्यायात कोणत्या मुलांना लेह देऊ नये याचीही यादी आहे. सुवर्णप्राशनाची जाहिरात करणारे या यादीविषयी क्वचितच बोलतात.

आता नावाचा घोळ. ब्राह्मी या एका नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. एक मंडूकपर्णी, दुसरी बारीक मांसल पानांची, पाणथळ जागी वाढणारी जलब्राह्मी. दोहोंचे कुळ वेगळे, द्रव्ये वेगळी. 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅममध्ये 12 खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथात त्या दोन निरनिराळ्या नावांनी नोंदल्या आहेत. डच सेनापती व्हान रेड याच्या या ग्रंथाला मलबारच्या इट्टी अच्युतन वैद्यांबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. तीनशे वर्षांपूर्वी जो भेद पाळला गेला, तो आज बाटलीवरच्या चिठ्ठीवर नेहमीच पाळला जातो असे नाही.

घरगुती परंपरेत बाळघुटी होती. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ यांचे मोजून वेढे उगाळीत. वेखंडाने वाचा स्वच्छ होते असे आजीबाई मानीत. पण याच परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया पाळी संपेपर्यंत तान्हे निजावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. मूल शांत होई. त्या शांततेची किंमत त्याचे शरीर देई. वेखंडाविषयीही सावधगिरी हवी: त्यातील बीटा-ॲसरोन या द्रव्यामुळे अमेरिकेने 1968 साली ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली.

जोयड्याचे जुने नाव सुपे. हा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, 1956 साली म्हैसूर राज्यात गेला. रानाने वेढलेल्या या मुलखात हिवतापाचे भय मोठे. ज्या घरात मूल जगेल की नाही ही चिंता, तेथे ते फार धावते ही तक्रार कोण करणार? गुरांमागे हिंडणाऱ्या पोराची चपळाई उपयोगीच पडे. माझ्या मते चंचलता ही तक्रार झाली ती शाळेच्या बाकावर. युरोपातही हेच दिसते. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली ती 1902 साली; अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी उत्तेजक औषधाचा परिणाम नोंदविला 1937 साली; आणि अवधानाच्या उणिवेला विकार म्हणून अधिकृत नाव मिळाले 1980 साली.

याचा अर्थ विकार खोटा, असा मुळीच नाही. काही मुलांची अस्थिरता खरोखर इतकी असते की अभ्यास, मैत्री, जीव, सारेच धोक्यात येते. त्यांना जलब्राह्मी उपयोगी पडते काय, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 6 ते 14 वर्षांच्या मुलग्यांवर तपासले. अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. मुदत 14 आठवडे. 2022 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्तनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. गंमत अशी की चरकाच्या 'मेधे'शी हा निष्कर्ष फारसा विसंगत नाही. मात्र तयार औषधांची गोष्ट निराळी: बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदीय औषधांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले.

तंबुळी आमच्या ताटात राहावी. ती अन्न आहे, रुचकर आहे. बाटलीच्या भरवशावर दोन-तीन वर्षे गेली तर ती मुलाच्या शाळेच्या वर्षांतून जातात. बालरोगतज्ज्ञ वा मानसोपचारतज्ज्ञ याचे निदान रक्त तपासून करीत नाहीत. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसली काय, सहा महिने टिकली काय, आणि घरी व शाळेत, दोन्हीकडे, दिसतात काय, हे ते विचारतात. यातील शाळेच्या प्रश्नाचे उत्तर वर्गशिक्षकांनाच देता येते. म्हणून मूल केव्हा उठते, कोणत्या तासाला रमते, किती वेळ टिकते, याची शिक्षकांनी तारीखवार केलेली साधी नोंद पालकांनी दवाखान्यात जाताना बरोबर न्यावी.