पिसलेल्या पत्त्यांची साक्ष

मानसशास्त्रातील संशोधनपद्धतीचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडले, की एक सूचना लवकरच भेटते: प्रयोगातला क्रम स्वतः ठरवू नका, तो यदृच्छेवर सोपवा. संख्याशास्त्र पन्नाशीनंतर घरीच शिकू लागलेल्या मला ही सूचना खटकली. विचारपूर्वक लावलेल्या क्रमापेक्षा पिसलेले पत्ते अधिक भरवशाचे कसे? उत्तर सूत्रांत मिळाले नाही. ते १८८३-८४ च्या एका प्रयोगात सापडले.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चार्ल्स सँडर्स पर्स तर्कशास्त्र शिकवत. जोसेफ जॅस्ट्रो हा त्यांचा विद्यार्थी. दोघांपुढे गुस्टाव्ह फेक्नर या जर्मन शास्त्रज्ञाचे मत होते. संवेदनेला एक उंबरठा असतो. दोन भारांतला फरक त्याहून लहान झाला की तो जाणवतच नाही. हे खरे असेल, तर उंबरठ्याखालच्या फरकाबद्दल दिलेली उत्तरे निव्वळ अंदाज ठरतील आणि निम्मीच बरोबर येतील.

दोघे आळीपाळीने परीक्षक आणि परीक्षार्थी झाले. मध्ये पडदा असे. आधी जड भार की हलका, हे पिसलेल्या पत्त्याचा लाल वा काळा रंग ठरवी. माणूस मनाने क्रम लावू लागला की त्यात नकळत एक चाल शिरते, आणि समोरचे मन ती हेरते. पत्त्यांना अशी सवय नसते.

दुसरी अट आणखी कडक होती. काहीच जाणवले नाही तरी उत्तर द्यायचेच, आणि स्वतःच्या खात्रीला शून्य ते तीन गुण द्यायचे. खात्री शून्य असतानाही पाचांपैकी सुमारे तीन उत्तरे बरोबर निघाली.

इथे संख्याशास्त्राचे काम सुरू होते. नाणे दहा वेळा उडवले, तर सहा किंवा अधिक छाप पडण्याची शक्यता शंभरात सुमारे ३८ असते. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हजारात सहाशे छाप मात्र योगायोगाने जवळजवळ कधीच पडत नाहीत. प्रमाण तेच, पण प्रयोगांची संख्या वाढली की त्याचा अर्थ बदलतो.

निबंध १८८५ साली प्रसिद्ध झाला. तोवर पर्स यांची विद्यापीठातली नोकरी गेली होती. कायमची प्राध्यापकी त्यांना पुढेही मिळाली नाही. यदृच्छेचे तत्त्व प्रयोगशास्त्रात रुजवण्याचे श्रेय बहुतांशी रोनाल्ड फिशर यांच्याकडे जाते. प्रयोगांच्या आखणीवरचा त्यांचा ग्रंथ १९३५ चा, म्हणजे अर्धशतकानंतरचा.

हा प्रयोग वाचल्यावर मी माझी जुनी टिपणे काढली. दप्तरांतून उदाहरणादाखल 'सहज' उचललेली पत्रे पुन्हा पाहिली. बहुतेक सगळी माझ्याच मताला दुजोरा देणारी होती. ती निवडताना माझ्या मनात काहीच नव्हते, हे मी शपथेवर सांगितले असते. पर्स आणि जॅस्ट्रो यांनीही आपल्या कित्येक उत्तरांपुढे प्रामाणिकपणे शून्यच लिहिले होते.